तिसऱ्या घंटेआधीचं काम: गावच्या संगीत नाटकाला प्रेक्षक आणि पाठीराखे कसे जोडावेत

आमच्या संस्थेचा ‘सौभद्र’चा पहिला प्रयोग सहाशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात झाला आणि बघायला अडतीस माणसं होती. त्यातली अकरा नात्यातली. गाणारे तयारीचे होते, ऑर्गन सुरात होता, कृष्णाच्या मुकुटाला नवा वर्ख लावला होता. प्रयोग संपल्यावर पडदे गुंडाळून रात्री उशिरा स्टँडवरच्या टपरीवर चहाला गेलो, तर टपरीवाला विचारतो, “आज काय होतं आत? कुणाचं लग्न?” नाट्यगृहाचं फाटक त्याच्या स्टोव्हपासून वीस पावलांवर. आम्ही गावात चाळीस पोस्टरं लावली होती, त्यातलं एक त्याच्याच टपरीच्या पाठीमागच्या भिंतीवर होतं.

तेव्हापासून जे शिकलो ते इथे लिहितो. तालुक्याच्या गावात हौशी संगीत नाटक संस्था चालवणाऱ्यांसाठी आहे हे. पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक निर्मात्याला यातलं निम्मं लागू पडणार नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग झाला. त्यानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांत नाटक मंडळ्या गावोगाव बिऱ्हाड घेऊन फिरायच्या आणि एकेका गावात मुक्काम ठोकायच्या. पहिल्या रात्री ऐकलेलं पद चौथ्या रात्रीपर्यंत पेठेत कुणीतरी गुणगुणत असायचं. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्या आल्या आणि मंडळी गावात पोचायच्या आधीच पदं पोचू लागली. म्हणजे त्या काळचा प्रेक्षक बहुतेक वेळा माहीत असलेलं पद पुन्हा ऐकायला येत होता. तुमच्या-आमच्याकडे मुक्काम नाही, एकच रात्र आहे. तेव्हा गावाच्या कानावर पदं घालायचं काम प्रयोगाच्या आधी करावं लागतं, आणि ते पोस्टरने होत नाही.

१. नाटक निवडताना हक्क आणि लांबी बघा

संस्थेतल्या ज्येष्ठ गायकाला जे नाटक करायचं असतं ते गावाला बघायचं असतंच असं नाही. नवख्या प्रेक्षकासाठी माझी पहिली पसंती देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ला. गोष्ट आजही हसवते, फाल्गुनरावासारखा नवरा प्रत्येक आळीत एक असतो, आणि पदं नसलेले प्रवेशही लोक धरून बसतात. ‘शारदा’ शाळा-कॉलेजांपर्यंत न्यायला सोपं, कारण जरठ-बाला विवाह हा विषय मांडून त्यावर बोलता येतं. ‘शाकुंतल’ थोर आहे, पण त्यात दोनशेच्या आसपास पदं आहेत. गावातल्या पहिल्या प्रयोगाला ते धाडस करू नका.

काटछाट केलीच पाहिजे. जुन्या नाटकांचे प्रयोग रात्रभर चालत. आज मध्यांतर धरून तीन तासांच्या पुढे गेलात की मागच्या रांगा रिकाम्या व्हायला लागतात. आम्ही पंधरा ते अठरा पदांवर थांबतो आणि एका पदाला जास्तीत जास्त सहा मिनिटं देतो. वन्समोअरचंही आधीच ठरवून ठेवतो: अख्ख्या प्रयोगात दोन, तेही दिग्दर्शकाने खूण केली तरच. यावर आमच्याकडे दोन गायक रुसले. रुसू दे.

आता हक्कांचं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, देवल १९१६ मध्ये, गडकरी १९१९ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये. या चौघांच्या संहिता मोकळ्या आहेत. पण संगीत नाटकात चाली करणारा वेगळा असू शकतो, त्याचा हिशोब वेगळा मांडा. खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ला चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, त्यांच्याच ‘मानापमान’चे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये, दोन्हींची मुदत संपली आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ चं. लेखक दारव्हेकर आणि संगीतकार अभिषेकीबुवा दोघेही १९९० च्या दशकाअखेरीस गेले, त्यामुळे तिथे वारसांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय तिकीट फाडू नका. विद्याधर गोखल्यांच्या नाटकांचंही तेच. हौशी मंडळाने फुकट प्रवेश ठेवून किंवा देवस्थानाच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे, पण तिचा आधार घेण्यापूर्वी वकिलाला एकदा विचारा. परवानगी मागणारं साधं, नम्र पत्र पाठवलं की बहुतेक घरं आनंदाने हो म्हणतात, असा आमचा अनुभव.

२. प्रयोगाच्या तीन महिने आधी पदं गावात सोडा

माझ्या मते अख्ख्या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हे.

आम्ही काय करतो ते सांगतो. प्रयोगाची तारीख ठरली की मागे बारा आठवडे मोजतो. दर आठवड्याला एका घरी, एका देवळात किंवा एका वाचनालयात पाऊण तासाची बैठक. गायक दोन, पेटी, तबला. नाटकातली चार पदं, आणि प्रत्येक पदाआधी गोष्टीतला तो प्रसंग दोन मिनिटांत. ‘स्वयंवर’ करायचं असेल तर रुक्मिणीला कृष्ण कसा कळला ते सांगून ‘मम आत्मा गमला’ म्हणायचं. शेवटचं पद अर्धवट सोडायचं आणि सांगायचं, “पुढचं नाट्यगृहात.” लोक हसतात, कुरकुरतात, आणि त्यातले निम्मे येतात. माइक लावू नका. ओटीवर बसून ऐकलेला आवाज लोकांच्या लक्षात राहतो. आणि गाणाऱ्या मुलीच्या कपाळावरचा घाम दिसला की तिला घरातली बाई आपोआप ताकाचं भांडं पुढे करते. ती बाई पुढे तिच्यासाठी नाटकाला येते.

दुसरी जागा म्हणजे गाण्याचे क्लास. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारी मुलं तालुक्याच्या गावातसुद्धा असतात. प्रवेशिकेच्या मुलाला यमन पाठ असतो, पण यमनातलं ‘नाथ हा माझा’ त्याने रंगमंचावर कधी ऐकलेलं नसतं. क्लासच्या बाईंना भेटा, आणि त्यांना तुमच्या नांदीत, म्हणजे सुरुवातीच्या स्तवनात, दहा मुलं उभी करायला सांगा. दहा मुलं म्हणजे दहा आया, दहा बाबा, आज्या, आणि एखादी आत्या खास पुण्याहून. नांदीचा आवाज भरतो आणि पहिल्या सहा रांगाही. कुणी याला युक्ती म्हणेल. आहेच. पण त्या दहांतली दोन मुलं पाच वर्षांनी तुमच्या संस्थेत सुभद्रा आणि नारद होतात, हे मी पाहिलं आहे.

शाळेत मात्र व्याख्यान देऊ नका. “आपला वैभवशाली वारसा” असं म्हटलं की आठवीतली मुलं बाकाखाली मोबाइल काढतात. त्याऐवजी तलवार, मुकुट, गंगावन आणि रंगभूषेची पेटी घेऊन जा. एका मुलाच्या चेहऱ्यावर सगळ्यांसमोर नारद काढा. रंग चढत असताना जेवढे प्रश्न येतात तेवढे कुठल्याही भाषणानंतर येत नाहीत.

३. गावाच्या हाताला काम द्या

गोव्यात देवळाच्या उत्सवात नाटक होतं तेव्हा प्रेक्षक शोधावे लागत नाहीत. जांबावलीच्या गुलालोत्सवातली नाटकं घ्या किंवा एखाद्या छोट्या वाड्यावरच्या कालोत्सवातलं; पडदा ओढणारा, चहा करणारा, अर्जुनाचं काम करणारा, सगळे शेजारचेच. नाटक उभं राहायच्या आधीच ते गावाचं झालेलं असतं. दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे. त्या मातीत गाणं आणि नाटक देवळाच्या आवारात वाढलं, आणि आजही गोव्याच्या खेड्यातल्या माणसाला संगीत नाटक म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडे ती सोय नसेल तर ती तयार करावी लागते. कपडेपट भाड्याने आणण्याऐवजी महिला मंडळातून जुने शालू, पैठण्या, शेले मागा. प्रत्येक शालूला चिठ्ठी टाचा, प्रयोगानंतर ड्रायक्लीन करून घरपोच द्या. (एकदा आमच्याकडून एका शालूवर गंधाचा डाग पडला. तीन वर्षं त्या काकू आमच्याशी बोलल्या नाहीत. चिठ्ठी आणि ड्रायक्लीनचा नियम त्यानंतरचा.) ज्या बाईचा शालू सुभद्रेच्या अंगावर आहे ती बाई तिकीट काढते, आणि शेजारणीला घेऊन येते. सुताराला नेपथ्यासाठी पैसे जरूर द्या, पण त्याचं नाव पत्रिकेत दिग्दर्शकाच्या नावाएवढ्याच अक्षरात छापा. वाडीतला तबलजी भजनी मंडळातून घ्या. त्याला ठेका धरता येतो, नाटकाचं अंग महिन्याच्या तालमीत येतं, आणि त्याच्याबरोबर अख्खं भजनी मंडळ येतं.

तालमी बंद खोलीत करू नका. शेवटचा आठवडा तरी दार उघडं ठेवा, दोन बाक बाहेर टाका. येणारे-जाणारे थांबतात.

ऑर्गनबद्दल दोन शब्द, कारण त्यावर आम्ही हात पोळून घेतले आहेत. कोकणच्या दमट हवेत भात्याचं चामडं खराब होतं आणि पावसाळ्यात उंदीर ते कुरतडतात. प्रयोगाच्या आदल्या रात्री भाता फाटला तर दुरुस्त करणारा माणूस शंभर किलोमीटरच्या आत मिळत नाही. म्हणून पंधरा दिवस आधी तपासा, पर्यायी पेटी त्याच पट्टीत लावून जवळ ठेवा. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पण जुना प्रेक्षक पहिल्या सुरालाच ओळखतो आणि मध्यांतरात येऊन सांगतो.

४. तारीख, वेळ आणि शेवटची एसटी

आमची दुसरी मोठी चूक वेळेची होती. परंपरेने रात्री साडेनऊचा प्रयोग लावला. आमच्या गावातून आसपासच्या वाड्यांना जाणारी शेवटची एसटी सव्वानऊला. म्हणजे ज्यांच्या घरी स्वतःची गाडी नाही ते सगळे प्रयोग सुरू व्हायच्या आधीच बाद. आता आम्ही रविवारी दुपारी साडेचारला सुरू करतो, आठच्या आत भरतवाक्य, म्हणजे शेवटचं पद. ज्येष्ठ नागरिकांची संख्या वाढली, आणि लहान मुलं झोपायच्या आत घरी पोचतात.

स्वतःच्या गावाची एसटीची वेळ, आठवडी बाजाराचा दिवस, जत्रा आणि शेतीची कामं एका कागदावर लिहा. आमच्याकडे जून-जुलैत लावणी, मार्चमध्ये शिमगा आणि परीक्षा, त्यामुळे हे महिने सोडतो. मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईकर गावाला असतात. तिकिटं सगळ्यात जास्त मे महिन्यात जातात, पण त्याच दिवसांत लग्नाचे मुहूर्त आणि नाट्यगृहाची ओढाताण. कार्तिकात, भात कापून झाल्यावर, हवा बरी असते आणि लोकांना वेळही असतो.

५. तिकीट विका, पास वाटू नका

संगीत नाटक फुकट दाखवलं की लोक येतात, हे अर्धंच खरं. ते येतात, मध्यांतरापर्यंत बसतात आणि जातात. शंभर रुपये दिलेला माणूस भरतवाक्यापर्यंत थांबतो. फुकट पास आम्ही फक्त शिक्षकांसोबत येणाऱ्या शाळेच्या मुलांना देतो. मान्यवरांनासुद्धा तिकीट काढायला सांगतो. पहिल्या वर्षी दोघांना राग आला, तिसऱ्या वर्षी त्यांनीच पाच-पाच तिकिटं घेतली.

तिकीट हातात देऊन विकलं पाहिजे. प्रयोगाआधी चार रविवार वही घेऊन आळीआळीतून फिरा. वहीत चार रकाने: नाव, फोन, किती तिकिटं, आणि शेवटच्या रकान्यात “काय म्हणाले”. हा चौथा रकाना सोन्यासारखा आहे. “गुडघे दुखतात, जिना चढवत नाही.” “रात्री नको.” “आमच्या सुनेला गाण्याची आवड आहे, तिला सांगा.” पुढच्या वर्षी वही उघडून तुम्ही त्या सुनेलाच फोन करता. व्हॉट्सअॅपवर जाहिरातीचं चित्र पाठवून काम झालं असं समजू नका. त्याऐवजी तालमीतलं वीस सेकंदांचं एक पद पाठवा, तेही आठवड्यातून एकदाच.

६. पैशाचं गणित आधी मांडा

बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये निघाली, तिने वैभवाचं शिखर गाठलं, आणि ती कर्जातही बुडाली. गाणं तेच होतं, गर्दी तीच होती. खर्चाला कुणी लगाम घातला नाही. तेव्हा तुमच्याकडे बालगंधर्व नसतील तर खर्चाचा कागद दुप्पट काळजीने लिहा.

समजा वर्षाला दोन प्रयोग, प्रत्येकी १,००,००० रुपये खर्च: भाडं, ध्वनी-प्रकाश, कपडे, वाहतूक, साथीदारांचं मानधन, जेवण. एकूण २,००,०००. प्रत्येक प्रयोगाला सुटी तिकिटं १८० गेली आणि सरासरी दर २०० धरला, तर दोन प्रयोगांचे ७२,००० जमतात. ७० सभासदांनी वर्षाला १,००० रुपये वर्गणी दिली आणि त्यात त्यांना दोन्ही प्रयोगांची एकेक खुर्ची दिली, तर ७०,०००. स्मरणिकेतल्या जाहिराती ४०,०००. बेरीज १,८२,०००. उरलेले १८,००० एखाद्या उत्सवातल्या सुपारीच्या, म्हणजे ठरलेली रक्कम घेऊन केलेल्या, प्रयोगातून काढायचे. हा कागद हाती असला की किराणा दुकानदाराकडे जाऊन “मदत करा” असं मोघम म्हणावं लागत नाही. “ऑर्गनवाल्याचा प्रवास आणि जेवण तुमच्याकडून, ४,००० रुपये” असं सांगता येतं. आकडा आणि काम कळलं की माणूस लवकर खिशात हात घालतो.

एखाद्या कामासाठी लावलेला प्रयोग हा जुना आणि चांगला मार्ग आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन गायक-नट ‘मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. तुमच्या गावात ते काम वाचनालयाचं छप्पर असेल किंवा रुग्णवाहिका. मात्र उत्पन्नातला किती वाटा जाणार ते आधी जाहीर करा, आणि पंधरा दिवसांत हिशोब वाचनालयाच्या फलकावर लावा.

देणग्यांबाबत थोडं सावध राहा. संस्था नोंदणीकृत हवी, हिशोब दरवर्षी तपासलेले आणि धर्मादाय कार्यालयात सादर केलेले हवेत. ८०जी म्हणून ओळखली जाणारी आयकरातली सवलत तुमच्याकडे असली तरी २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणाऱ्याला ती मिळत नाही. त्याला चेक किंवा यूपीआयने द्यायला सांगा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या गाववाल्याने डॉलर पाठवतो म्हटलं तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय घेऊ नका. भारतीय पासपोर्ट असलेला, परदेशात नोकरी करणारा भाऊ बँकेतून पाठवतो, ती गोष्ट वेगळी. एकदा सीएकडे बसून हे समजून घ्या.

कागदांमध्ये आणखी दोन: महाराष्ट्रात संहितेला ती तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आणि तिकीट लावलं की पोलीस परवाना. दोन्हींसाठी दीड महिना हाताशी ठेवा.

७. प्रयोगाच्या दिवशी

दारावर संस्थेतला सगळ्यात गोड बोलणारा माणूस उभा करा, अध्यक्ष नको. हातात एक पानी पत्रक द्या: एका बाजूला गोष्ट दहा ओळींत, दुसऱ्या बाजूला पदांची पहिली ओळ, राग आणि गाणाऱ्याचं नाव. मोठ्या अक्षरात छापा. अंधार होण्यापूर्वी ते वाचायला लोकांना पाच मिनिटं मिळाली पाहिजेत, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या घंटेच्या मध्ये सत्कार, हार-तुरे, दीपप्रज्वलन काहीही नको. तिसरी घंटा वेळेवर द्या. एकदा आम्ही पाहुण्यांसाठी पस्तीस मिनिटं थांबलो. पाहुणे आले नाहीत, आणि नांदी सुरू झाली तेव्हा पेंगुळलेली मुलं रडायला लागली.

बायकांच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का ते संस्थेतल्या बाईने स्वतः जाऊन पाहावं. मध्यांतर वीस मिनिटांचं ठेवा. बटाटेवडे महिला बचतगटाला करायला सांगा, नफा त्यांचा. पुढच्या प्रयोगाची तारीख मध्यांतरानंतर लगेच, पडदा उघडायच्या आधी सांगा. शेवटी सांगितली तर तोवर लोक चपला शोधत असतात.

८. दुसऱ्या दिवशी

सोमवारी संध्याकाळी वही उघडा आणि फोन करा. आभाराचे फोन सगळेच करतात. आम्ही मध्यांतरात उठून गेलेल्यांनाही फोन करतो; दारावरचा माणूस त्यांची नावं टिपून ठेवतो. पहिल्या वर्षी हे करायला कुणी तयार नव्हतं, अवघड वाटायचं. पण उत्तरं अशी आली: एकीच्या घरी गाय व्यायला आली होती, एकाला पहिला अंक लांबला असं वाटलं (बरोबर होतं, दोन पदं कापली), आणि एका आजोबांनी सांगितलं, नाटक छान होतं, पण त्या लाकडी खुर्चीत कंबर धरली. आता पहिल्या रांगेच्या कडेला आम्ही सहा उशा ठेवतो. मागेल त्याला देतो, आणि प्रयोगानंतर मोजून परत घेतो.